साडेअकरा पौंडांचा विद्यार्थी



तुमच्यापैकी जे सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या किंवा कलिन्याच्या वस्तीत राहतात, त्यांच्या घराच्या पत्र्यावरून दिवसरात्र विमाने जातात. लहान मूल झोपेतून दचकते, म्हातारी माणसे बोलता बोलता थांबतात आणि विमान गेल्यावर पुन्हा बोलू लागतात. त्याच वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे. आता आपली मुले-मुली तिथे एम.ए., एम.एस्सी.ला जाऊ लागली आहेत. त्यांतलीच एखादी मुलगी एके संध्याकाळी जेवताना सांगते की परदेशातल्या विद्यापीठात अर्ज करायचा आहे. आई गप्प बसते. वडील ताटातून हात काढतात आणि मनातल्या मनात हिशोब मांडू लागतात. घरात नुकतीच धम्मदीक्षा झालेली असते, भिंतीवर भगवान बुद्धांच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर असते, आणि त्या तसबिरीखाली एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ अशी पदव्यांची ओळ असते.

ती ओळ आपल्याला तोंडपाठ आहे. जयंतीच्या फलकावर ती असते, भाषणात ती एका दमात म्हटली जाते आणि टाळ्या पडतात. पण त्या एकेका पदवीसाठी पैसा कोठून आला, कोणत्या अटीवर आला आणि कधी संपला, हे आपण फारसे सांगत नाही. बाबासाहेब अलौकिक बुद्धीचे होते, म्हणून ते शिकले, एवढ्यावर आपण थांबतो. बुद्धी तर होतीच. परंतु बुद्धीला आगबोटीचे तिकीट मिळत नाही. म्हणून या अंकात तुमच्यासमोर बाबासाहेबांचे चरित्र एका विद्यार्थ्याच्या जमाखर्चाच्या बाजूने ठेवीत आहे. तुमच्या घरात आज जो प्रश्न आहे, तोच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी परळच्या चाळीत होता.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. पेन्शन तुटपुंजी, कुटुंब मोठे. तरीही धाकट्या भीमाला पुस्तक हवे असले की सुभेदार नाही म्हणत नसत. हातात पैसे नसले तर ते लेकीच्या घरी जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत, पुस्तक घेत, आणि पेन्शनच्या दिवशी तो दागिना सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा पहिला पैसा हा असा आला. बापाच्या जिद्दीतून आणि बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांतून. त्या बहिणींचे नाव कोणत्याही फलकावर नसते, हे जाता जाता ध्यानात घ्या.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. महार समाजातला मुलगा मॅट्रिक झाला ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती की त्यासाठी अभिनंदनाची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र या मुलाला भेट दिले. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे, तेथून ओळख झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले त्याचे बीज या पुस्तकात होते, हे आपण नेहमी सांगतो. पण याच गुरुजींनी या मुलाला दुसरीही एक गोष्ट दिली, ती आपण सांगायला विसरतो. इंटर झाल्यावर सुभेदारांचे सगळे उपाय थकले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांना त्यांच्यासमोर नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि दरमहा पंचवीस रुपये विद्यावेतन मंजूर झाले. धम्माचे पुस्तक आणि कॉलेजची फी, दोन्ही एकाच हातातून आली.

त्या पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेज पुरे झाले. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. बी.ए.ची पदवी मुंबई विद्यापीठाची, म्हणजे ज्या विद्यापीठाच्या विद्यानगरीत आज तुमची मुले जातात त्याच विद्यापीठाची.

बी.ए. झाल्याबरोबर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर हजर झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. ते मुंबईला परतले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींनी देह ठेवला. आता विचार करा. वडील गेले, त्यांची पेन्शन थांबली. घरात पत्नी रमाबाई, मांडीवर यशवंत, शिवाय वडीलबंधूंचे कुटुंब. अशा वेळी आपल्यापैकी कोणीही नातेवाईक काय सांगेल? शिक्षण पुष्कळ झाले, आता मिळेल ती नोकरी धर. यात सल्ला देणाराचे चुकते असेही नाही. चूल रोज पेटावी लागते.

त्याच सुमारास सयाजीराव महाराज मुंबईत होते आणि काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवावे असे त्यांच्या मनात होते. भीमराव भेटीला गेले, अर्ज केला, निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारशी करारनाम्यावर सही केली. या कराराकडे नीट पाहा, कारण आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हणजे कोणीतरी दिलेली ओवाळणी असे समजतात. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. मुदत तीन वर्षे, १५ जून १९१३ पासून १४ जून १९१६ पर्यंत. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा. आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. तीन वर्षांच्या विद्येसाठी आयुष्याची दहा वर्षे लिहून दिली होती. वय होते बावीस.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे महिन्याला एकशे साडेबहात्तर रुपये. परळच्या चाळीत ती रक्कम मोठी वाटली असेल, न्यूयॉर्कला नव्हती. जुलै १९१३ मध्ये ते तेथे पोहोचले. राहण्याची जागा दोनदा-तीनदा बदलावी लागली आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे अडचण येईल तेथे हा माणूस उभा असलेला दिसेल.

त्या रकमेतून राहणे, जेवण, कपडे भागवायचे. आणि त्यातूनच वाचवून मुंबईला घरी पैसे पाठवायचे. होय, परदेशात शिकणारा मुलगा घराकडून पैसे मागवीत नव्हता, उलट पाठवीत होता. आपल्या समाजातून जो पहिला बाहेर जातो त्याच्या वाट्याला आजही हेच येते. श्रीमंताच्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर एक पोट असते, आपल्या मुलाच्या शिष्यवृत्तीवर पाच-सहा. हिशोब करताना हे धरले नाही तर दुसऱ्याच वर्षी मुलगा भांबावतो आणि घरचे रुसतात.

तरीही उरलेल्या पैशांतून त्यांनी एकच चैन केली, जुन्या पुस्तकांची. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमविली. अभ्यास किती केला? एकट्या अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. तीन वर्षांची मुदत घड्याळासारखी डोक्यावर टकटक करीत असली की माणूस असा अभ्यास करतो. १९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जून १९१६ मध्ये पीएच.डी.साठीचा प्रबंध सादर झाला आणि मान्यही झाला. पण पदवी हातात पडली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दिल्याशिवाय ती मिळत नसे, आणि छपाईला पैसा लागतो. ते प्रकरण तसेच राहिले. त्याकडे पुढे येऊ.

लंडनला जाण्याची परवानगी त्यांनी मागून घेतली. ऑक्टोबर १९१६ मध्ये एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बाहेर पहिले महायुद्ध चालू होते. वर्ष उलटते न उलटते तोच बडोद्याहून दिवाणांचे कळवणे आले की शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या. अभ्यास अर्ध्यावर होता. येथे एक फार शहाणपणाची गोष्ट त्यांनी केली, तिच्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. रागाने किंवा निराशेने ते निघून आले नाहीत. आपले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी घेतली की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन हाच अभ्यास पुरा करता येईल. पैसा संपला तरी दार बंद होऊ दिले नाही. कागदावर उघडे ठेवून मग ते बोटीत बसले.

सामान आणि पुस्तके विमा उतरवून वेगळ्या बोटीने पाठविली होती. ती बोट शत्रूच्या पाणसुरुंगी माऱ्यात बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला सुखरूप उतरले. टॉमस कुक कंपनीने बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. त्यातलेच काही घरी देऊन आणि काही खिशात घालून ते बडोद्याला करार पाळायला निघाले. एवढा मोठा विद्वान, पण बडोद्याचे गाडीभाडे बुडालेल्या पुस्तकांच्या भरपाईतून द्यावे लागले.

बडोद्यात काय झाले ते तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे. कचेरीत शिपायाने कागद लांबून फेकले. राहायला हिंदूची जागा नाही, मुसलमानाची नाही. नाव लपवून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. संध्याकाळी गाडीची वेळ होईपर्यंतचे काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हा प्रसंग आपण अपमान म्हणून सांगतो आणि तो अपमान होताच. पण कराराच्या बाजूनेही पाहा. दहा वर्षे नोकरी करण्याचे लिहून दिले होते, करायची तयारीही होती. त्या शहरात रात्री पाठ टेकायला जागाच मिळाली नाही. शिष्यवृत्ती देणारे महाराज उदार होते, पण ते संस्थानच्या खजिन्याचे धनी होते. त्या शहरातल्या घरमालकाच्या मनाचे धनी ते नव्हते. आजही आपला मुलगा परक्या शहरात खोली शोधतो तेव्हा आडनाव विचारले जाते, हे तुम्हाला सांगायला नको.

आता परळ. हातात कोलंबियाचे शिक्षण आणि नोकरी नाही. भथेनांच्या ओळखीने दोन शिकवण्या मिळाल्या. शेअरबाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याची एक कचेरी काढून पाहिली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये.

साडेचारशे! चाळीत राहणाऱ्या माणसाला त्या काळी साडेचारशे म्हणजे काय, विचारा आपल्या आजोबांना. दुसरा कोणी असता तर चाळ सोडून बंगल्यात गेला असता, चार गडी ठेवले असते. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देत, आणि बाकीची बाजूला काढीत. लंडन विद्यापीठाच्या परवानगीची चार वर्षे चालू झालेली होती, आणि पैसा साठण्याआधी ती संपता कामा नये होती.

दीघनिकायात सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला भगवंतांनी केलेला उपदेश आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या विहारात वर्षावासात वाचन होते त्यांनी तो ऐकला असेल. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात घालण्यासाठी, आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. पुष्कळांना वाटते की धम्म म्हणजे वैराग्य, त्याचा पैशाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो गृहस्थासाठीच सांगितलेला आहे. १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेबांनी त्याच्याही पुढे मजल मारली. त्यांच्या घरात उपभोगाचा भाग जवळजवळ शिल्लकच नव्हता. त्या वेळी त्यांनी दीक्षा घेतलेली नव्हती. पण वागणे हे असे होते.

दरम्यान ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज त्या परिषदेला आले आणि अस्पृश्यांना त्यांचा पुढारी दाखवून गेले. लोक आता कोठे जमू लागले होते, चळवळीला नुकता रंग चढू लागला होता, आणि अशा वेळी हा पुढारी नोकरीचा राजीनामा देऊन परत शाळकरी व्हायला लंडनला निघाला. तेव्हाही कोणी नाके मुरडली असतील. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय फार मोठा वाटतो, चवदार तळ्याइतका मोठा.

पैशाची जुळवाजुळव अशी झाली. काही स्वतःची साठवण, काही शाहू महाराजांची मदत, आणि पाच हजार रुपये नवल भथेनांकडून कर्जाऊ. जुलै १९२० मध्ये ते निघाले. या वेळी कोणाचा करार नव्हता, दहा वर्षे कोणाला लिहून दिलेली नव्हती, आणि दरमहा येणारे साडेअकरा पौंडही नव्हते.

लंडनमधले दिवस कसे गेले? घरमालकीण देई तो सकाळचा नाश्ता म्हणजे पावाचा तुकडा, थोडा मासळीचा तुकडा नि चहा. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडल्यापासून दार मिटेपर्यंत वाचन. दुपारच्या जेवणाला फाटा. गाडीभाडे वाचावे म्हणून पायपीट. रात्री भूक लागली की एका भारतीय स्नेह्याने दिलेले पापड, दोन-चार भाजून घ्यायचे, वर काहीतरी गरम प्यायचे, आणि पुन्हा पहाटेपर्यंत पुस्तक. पोटभर जेवण ही तेथे ठरवून टाळलेली गोष्ट होती.

आणि या काटकसरीवर एक असे संकट आले की जे काटकसरीने टळणारे नव्हते. तुमच्या घरात परदेशी शिक्षणाचा विचार चालू असेल तर हे जरा सावकाश वाचा. १९२० च्या सुरुवातीला हुंडणावळीच्या बाजारात रुपयाचा भाव फार चढला होता. एका रुपयाला अडीच शिलिंगांहूनही अधिक मिळत. त्या भावाने हजार रुपयांचे सव्वाशे पौंड होतात. मग भाव घसरू लागला आणि १९२१ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. त्याच हजार रुपयांचे आता साडेबासष्ट पौंड! रुपये तेवढेच, काटकसर तीच, पण लंडनमध्ये हातात पडणारे पैसे निम्म्यावर आले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची मदत उसनी मागितली. हुंडणावळीने आपला हिशोब कोलमडल्याचे त्यात सांगितले.

आणि योगायोग पाहा. त्याच दिवसांत ते डी.एस्सी.साठी जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषयच होता रुपयाचा प्रश्न. रुपयाचा भाव वरखाली होऊ दिला तर गरिबाचे काय होते, हे लिहिणारा माणूस ते स्वतःच्या पोटावर सोसत होता. अर्थशास्त्राचे पुष्कळ पंडित झाले, पण प्रबंधाच्या विषयाने ज्याचे जेवण तोडले असे थोडेच असतील.

या सगळ्या काळात परळला रमाई होत्या. प्राध्यापकाचा पगार बंद झालेला. त्यांनी कसे भागविले याच्या कथा आपल्या वस्त्यांतून आजही आयाबाया सांगतात. गोवऱ्या थापल्याच्या, दिव्याच्या तेलासाठी ओढाताण केल्याच्या. त्यांतले एकेक प्रसंग कागदावर सिद्ध करता येणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. एवढे मात्र निश्चित की नवऱ्याला घरची अडचण कळवून अभ्यासातून उठवणे त्यांच्या हाती होते आणि त्यांनी त्याला उठवले नाही. रमाईंची चार मुले लहानपणीच गेली. परदेशी शिक्षणाची किंमत पौंडांत मोजतात, पण तिचा मोठा भाग परळच्या त्या खोलीत मोजला गेला. म्हणून मघाच्या त्या मुलीच्या आईला विचारल्याशिवाय हिशोब पुरा करू नका. मुलगी गेल्यावर दोन वर्षे घर कोण चालवणार, आजारी पडले तर कोण धावणार, धाकट्याची फी कोठून यायची, हेही त्याच वहीत लिहा.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले, २८ जून १९२२ ला ते बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी काही भाग बदलून लिहायला सांगितला, आणि तेथे राहून तो लिहिण्याइतके पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. प्रबंध पुन्हा लिहून लंडनला पाठविला, आणि वर्षअखेर डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टर तर झाले, परंतु उच्च न्यायालयात वकिली करायची तर सनद घ्यावी लागते, आणि सनदेच्या फीला हाती पैसा नव्हता. ती फी भरायला पुन्हा नवल भथेनाच धावले.

बाबासाहेबांनी यातून स्वतःपुरता धडा घेतला असता तर आजचा हा लेख येथे संपला असता. परंतु ज्याला एकेका पौंडासाठी तीन-तीन दारे ठोठवावी लागली, त्याने पुढे सत्तेत गेल्यावर ते दार कायमचे उघडण्याचा प्रयत्न केला. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते आल्यावर त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना शास्त्र व तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशच्या विद्यापीठांत जाण्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा ही मागणी होती. त्यानंतर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि काही विद्यार्थी विलायतेला गेलेही. महाराजांच्या मर्जीवर नव्हे तर कायद्याने आणि अर्थसंकल्पातून मिळणारी मदत, हा फरक त्यांना करायचा होता.

आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाने २००३ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे. १९२० साली ज्यांनी एका विद्यार्थ्याला मदत केली, त्यांच्या नावाने आता दरवर्षी विद्यार्थी जातात. जागा मोजक्या असतात, वयाची, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या दर्जाची अट असते, आणि या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. मुदतही थोडी असते. बाबासाहेबांच्या १४ जूनसारखीच ती कोणाकरिता थांबत नाही.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना एक भीती असते, ती येथेच बोलून टाकू. बौद्ध झालो म्हणजे मुलांच्या सवलती गेल्या, असे काही लोक कानात सांगतात. एके काळी त्यात तथ्य होते. १९५६ नंतर धर्मांतरितांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये आपल्या राज्यापुरत्या त्या दिल्या, पण दिल्लीचे दार बंदच होते. त्यासाठी आपल्या लोकांनी तीन दशके झगडा दिला आणि १९९० साली कायदा बदलून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्यात समावेश झाला. म्हणजे आज दीक्षा घेतल्याने मुलीची शिष्यवृत्ती जात नाही. मात्र कागद नीट हवेत. राज्याच्या कामाचा दाखला आणि केंद्राच्या कामाचा दाखला यांचे नमुने वेगळे असतात, जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, आणि शाळेच्या दाखल्यावर एक धर्म नि जातीच्या दाखल्यावर दुसरा असला की अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. हे काम मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच हाती घ्या. प्रवेशाचे पत्र आल्यावर धावपळ करून होत नाही. आणि घर किंवा जमीन तारण ठेवून कर्ज काढायला लावणारा दलाल दारात आला तर आधी शिष्यवृत्तीची जाहिरात संपेपर्यंत त्याला थांबवा. कर्ज काढूच नये असे मी म्हणत नाही, बाबासाहेबांनीही काढले. पण त्यांनी ते सगळ्यांत शेवटी काढले, स्वतःची साठवण झाल्यावर, आणि ओळखीच्या सच्च्या मित्राकडून.

राहिली ती कोलंबियाची पीएच.डी. १९१६ साली मान्य झालेला तो प्रबंध १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने पुस्तकरूपाने छापला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे ते पुस्तक त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केले आणि शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दलची कृतज्ञता त्यात नोंदविली. रुपयाच्या प्रश्नावरचे पुस्तक आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केले होते. पुढे रमाई १९३५ मध्ये गेल्या, आणि १९४० नंतर पाकिस्तानच्या प्रश्नावरचे पुस्तक निघाले तेव्हा अर्पणपत्रिकेवर त्यांचे घरगुती नाव आले, रामू.

छापलेल्या प्रती कोलंबियाला पोहोचल्या, आणि विद्यापीठाने ८ जून १९२७ रोजी पीएच.डी.ची पदवी रीतसर दिली. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा अडीच महिने उलटले होते. बडोद्याच्या करारनाम्यावर सही केली त्या दिवसापासून चौदा वर्षे आणि चार दिवस झाले होते.